स्मृतिवृक्षाची राखण

चुलत्यांचा सत्कार ठरला तेव्हा फोन मला आला, माझ्या वडिलांना नाही. त्यात नवल नव्हतं. माझे वडील मायाप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ अर्जुना यांच्यात पाचसहा वर्षं बोलणं नाही. वडिलांना मी आबा म्हणते, चुलत्यांना नाना. या दोघांच्या मधे मी. नाना मला चोरून फोन करायचे आणि मी दवाखान्याच्या जिन्यात उभी राहून घ्यायची. सांगलीत एका खासगी दवाखान्यात मी नर्स आहे. दिवसभर पेशंटच्या नातेवाइकांशी हुज्जत घालून माझं तोंड तिखट झालंय, असं आबा म्हणतात. असेल. पुढं जे सांगणार आहे त्यातही ते तिखट लागेल, त्याला माझा इलाज नाही.

"समे, सरकार मला शाल देणार हाय," नाना म्हणाले. "आपल्या रोपवाटिकेला पन्नास वरसं झाली. वडाखाली कार्यक्रम हाय. मोठी माणसं येणार हायती."

"मग घ्या की शाल. थंडीला हुईल," मी म्हणाले.

"चेष्टा करू नगंस. दादाला घिऊन ये. तू आणलंस तर यील त्यो." "त्यो आला न्हाई तर म्या शाल घेणार न्हाई. साहेबाला तसं तोंडावर सांगणार हाय."

नाना कुणाला काही तोंडावर सांगतील, यावर माझा फारसा विश्वास नव्हता. पण आवाज खरा होता. आणि मलाही ते हवंच होतं. आई गेल्यापासून आबांना बोलायला माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि माझ्याशी तरी ते काय बोलणार? ड्यूटी कितीची, भाजी काय आणू, एवढंच.

बोरमळ्याची रोपवाटिका म्हसवडच्या अलीकडं, माळावर आहे. बहात्तरच्या दुष्काळानंतर सरकारनं ती घातली. विहिरीच्या कडेनं वाफे, वाफ्यांत काळ्या पिशव्या, पिशव्यांत रोपं. आमच्या भागातल्या शाळा, रस्त्याच्या कडा, उघडे डोंगर, सगळीकडं झाडं गेली ती तिथून. नाना मिसरूड फुटायच्या आधीपासून तिथं रोजंदारीवर होते. माती चाळायची, पिशव्या भरायच्या, झारीनं पाणी घालायचं. रोपवाटिकेला पंचवीस वर्षं झाली तेव्हा फाटकाजवळ एक वड लावला आणि त्याला स्मृतिवृक्ष म्हणून दगड बसवला. ज्या हातांनी रोपं वाढवली त्या हातांची आठवण, असं त्या दगडावर कोरलंय. हात कुणाचे ते कोरायचं मात्र राहून गेलं. झाड लावणाऱ्या पाहुण्यांचं नाव तेवढं ठळक आहे.

ते रोपसुद्धा नानांनीच विहिरीच्या चिऱ्यातून अलगद काढून वाढवलेलं. पहिले उन्हाळे त्यांनी त्याला स्वतःच्या प्यायच्या कळशीतलं पाणी घातलं. झाड वाढलं, आणि रोपवाटिका मात्र आटत गेली. माणसं कमी केली, वाफे ओस पडले, हिरवी जाळी फाटून लोंबायला लागली. शेवटी नानांकडं काम उरलं ते एकच, राखण. फाटकावर पाटी होती: कुऱ्हाडबंदी, चराईबंदी.

ही पाटी आमच्यासाठीच होती, हे सांगायला हवं. आम्ही मेंढपाळ. आज्यापासून, त्याच्याही आधीपासून. थोरला भाऊ मेंढरं घेऊन रानोमाळ फिरतोय आणि धाकटा मेंढरं हाकलायची नोकरी करतोय, यावर आजा पोट धरून हसायचा. पण त्यावरून भांडण कधी झालं नाही. आबा कळप घेऊन पश्चिमेकडून परत आले की मुक्काम नानांच्याच रानात पडायचा. बयाबाई काकी चुलीपुढून उठायची नाही आणि आई तिला उठूही द्यायची नाही. दोघींचं हसणं वस्तीभर ऐकू यायचं.

मग तो उन्हाळा आला. आमच्या माण तालुक्यात दुष्काळ काही नवा नाही, पण त्या वर्षी बाभळीनंसुद्धा शेंग धरली नव्हती. गुरांसाठी छावणी उघडली होती. आमच्या भागातल्या त्या छावणीत गाई-म्हशींना घेत होते, शेळ्या-मेंढ्यांना नाही. का, तर मेंढरं फिरून खातात म्हणे. काय खातात? दगड? आबा कळप घेऊन वस्तीवर आले तेव्हा गाभण मेंढ्या चार पावलं चालून बसत होत्या. मी तेव्हा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होते, सुट्टीला आले होते. पुस्तकात भूक वाचणं वेगळं आणि दारात बघणं वेगळं.

जमिनीवर गवत उरलं नाही की आमच्यात झाडाचा पाला पाडतात. आधी आकडीनं फांदी ओढून बघायची, मग छोट्या कुऱ्हाडीनं घाव. तो घाव घालायचीही रीत आहे. पहिला घाव फांदीच्या खालून, अर्धवट. मग वरून दुसरा. म्हणजे फांदी पडताना खोडाची साल सोलत नेत नाही. खोडाला अंगठ्याएवढं बुटुक ठेवायचं आणि त्यावर शेणमातीचा लेप द्यायचा. आज्यानं दोन्ही पोरांना हे शिकवलं ते काठी हातात घेऊन. आमच्या आज्याचा घाव लोक ओळखायचे. शेतकरी स्वतःहून त्याला झाड द्यायचे, कारण त्यानं पाला पाडलेलं झाड पुढच्या पावसाळ्यात दुप्पट फुटायचं.

आबा फाटकाशी गेले. मी बरोबर होते, म्हणून सगळं माझ्या कानांनी ऐकलंय.

"अर्जुना, खालच्या चार फांद्या दे," आबा म्हणाले. "गाभण मेंढ्यांपुरत्या. झाडाला कळायचंबी न्हाई."

नानांनी फाटकाला साखळी घातली होती. ते साखळीला धरून आतल्या बाजूला उभे होते. "दादा, झाड माझं न्हाई. सरकारचं हाय."

"तुला वाटतील त्या फांद्या दे की."

"उन्हाळ्यात घाव घातला तर झाड जाईल रं. आन साहेबाला कळलं तर माझं काय? उभी हयात रोजावर काढली. औंदा कायम करतो म्हणत्यात." नानांच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी खोटं सांगणार नाही. "माझ्या हातात न्हाई दादा. कुणीबी आलं तरी मला न्हाईच म्हणाय लागंल."

संध्याकाळी नाना स्वतःच्या गाईपुढचा कडबा उचलून घेऊन आले. मेंढरांनी पाती तेवढी चघळली आणि धाटं तशीच टाकली. कळप तारेच्या कुंपणाला नाकं लावून उभा राहिला. वडाचा वास येत होता त्यांना. आई त्या कुंपणाशीच बसली, पुढं चालणाऱ्या म्हाताऱ्या मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन. ती मेंढी तिथंच गेली. बाकीच्या बहुतेक चारा शोधत फिरताना दिघंचीच्या वाटेवर, एकेक. जी जगली ती आबांनी म्हसवडच्या बाजारात खाटकाला दिली आणि आम्ही सांगलीला आलो. नाना त्या वर्षी कायम झाले.

आबांना बेदाण्याच्या एका कोल्ड स्टोअरेजवर वॉचमनची नोकरी मिळाली. उघड्या रानात झोपणारा माणूस पत्र्याच्या केबिनमध्ये बसायला लागला. आईला ते मानवलं नाही. भाड्याच्या खोलीत ती दिवसभर दाराच्या चौकटीत बसायची, आत यायची नाही. दुसऱ्या वर्षी छातीचं दुखणं झालं आणि गेली. मी नर्स असून. नाना मातीला आले होते. लांब, रस्त्याच्या कडेला उभे राहिले. आबांनी तिकडं मानसुद्धा वळवली नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दिवशी मीही वळवली नाही.

असं सगळं असताना मी आबांना सत्काराला चला म्हणणार कशी? दोन दिवस जीभ रेटेना. तिसऱ्या दिवशी आबाच कामावरून आले ते न जेवता भिंतीकडं तोंड करून बसले. मी काय झालं ते विचारलं. मग म्हणाले, "आज आपल्या वस्तीवरचा रविराज आला हुता. टेम्पो घिऊन. बेदाणा हुता."

"मग?"

"गेटपास नव्हता. मालकाचं सांगणं हाय, पास नसंल तर आत सोडायचं न्हाई. तो म्हणला, मामा, ऊन लय हाय, माल काळा पडंल. पाया पडला पोरगा." आबांनी डोक्यावरचा पटका काढून मांडीवर ठेवला. "सोडलं न्हाई म्या. दुपारपातूर उन्हात बसला आन शिव्या देऊन गेला. बरोबर दिल्या."

मी ताट पुढं सरकवलं. त्यांनी भाकरी मोडली नाही.

"समे, दारात उभा ऱ्हायल्यावर मला कळलं, अर्जुना तवा का उभा हुता. राखणदाराला आपला-परका करता येत न्हाई. एकाला सोडलं की समद्यास्नी सोडावं लागतं. त्यानं मला न्हाई म्हटलं तसं एखाद्या देशाच्या राजालाबी म्हटलं असतं. मग राग धरून काय करू?"

इतकं सलग आबा आई गेल्यापासून बोलले नव्हते. मी लगेच फोनचं सांगून टाकलं. नानांची अटही सांगितली. आबांनी मांडीवरचा पटका घडी करून बाजूला ठेवला. मग म्हणाले, "मला सोडून दुसऱ्या कुणाला त्यानं पाला दिला असता तर जल्मात तोंड बघितलं नसतं. पर तसं न्हाई केलं त्यानं. जाऊ आपण." आणि जेवले. मला त्या रात्री स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडू आलं. आनंदाचंच होतं ते.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही पहाटेची एसटी धरली. विटा, आटपाडी, दिघंची. आबांनी ठेवणीतलं धोतर नेसलं होतं आणि काकीसाठी बेदाणे घेतले होते. दिघंचीच्या पुढं रस्ता माणात शिरला तसे ते खिडकीला नाक लावून बसले. हे झाड आपलं, त्या ओढ्याला पाणी असायचं, इथं तू लहान असताना हरवली होतीस. मी हो हो करत होते. ज्या रस्त्यावर कळप पडला तोच हा रस्ता, पण त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मला वाटलं, सुटलं. मनातलं ते सुटलं एकदाचं.

आधी वस्तीवर गेलो. काकीनं पायांवर पाणी घातलं आणि आबांच्या पाया पडताना तिला उठवेना. मीच हाताला धरून उठवलं. घरात मटणाचा वास सुटला होता.

"भावजी, आता जेवल्याबिगर सोडत न्हाई," काकी म्हणाली.

"सोडू नगंस," आबा म्हणाले. "आधी अर्जुनाला भेटतो. मग दोघं मिळून बसू."

काकीचा चेहरा जरा उतरला. "कालपास्नं घरला न्हाईती त्ये. तिकडंच हायती. सांजच्याला डबा पाठवला तर तसाच परत आला." नाना हळवे, सत्काराच्या धसक्यानं जेवले नसतील, असं मला वाटलं. तसं मी म्हणालेही, आणि काकी उठून चुलीकडं गेली.

रोपवाटिका वस्तीपासून हाकेच्या अंतरावर. लांबूनच मांडव दिसला. पांढरी-हिरवी कनात, मोठा पडदा, स्पीकर, फुगे. वड दिसला की माणसाचं लक्ष जातं ते त्याच्या घेराकडं, फांद्या अगदी खाली टेकायला आलेल्या, पारंब्या लोंबणाऱ्या. तो घेरच दिसेना. मला आधी कळलंच नाही काय वेगळं दिसतंय ते. मग कळलं. झाडाच्या खाली आभाळ दिसत होतं. खालच्या सगळ्या फांद्या गेल्या होत्या. तिथं स्टेज होतं.

कुंपणाच्या कडेला पाल्याचा ढीग पडला होता. हिरवागार, ताजा, माणसाच्या डोक्याच्या वर. त्याच्या चिकाचा वास सगळीकडं सुटला होता. कुणाची तरी शेळी ढिगाला तोंड लावत होती आणि एक होमगार्ड तिला काठीनं हाकलत होता. ट्रॅक्टर मागं येत होता. एक तरणा साहेब ओरडून सांगत होता, "पाहुणे यायच्या आत हे उचला. लांब खाणीत नेऊन टाका. फोटोत घाण दिसतीय."

रागानं माझे कान तापले. मी आबांकडं बघितलं नाही, बघायचं धाडस झालं नाही. "मांडववाल्यांनी तोडलं असणार," मी म्हणाले. "त्यांना काय कळतंय आबा? नानांना विचारलंसुद्धा नसंल."

आबा मांडवाकडं गेलेच नाहीत. ते सरळ ढिगाकडं गेले. आम्ही मेंढपाळ लोक पाला बघितला की आधी हात लावतो, मला वाटलं तसंच काहीतरी. त्यांनी एक फांदी ओढून काढली. पानं बघितली नाहीत. फांदी उलटी केली आणि तुटलेलं टोक डोळ्यांपुढं धरलं. मग दुसरी काढली. मग तिसरी.

सगळी टोकं सारखी होती. खालून एक अर्धवट घाव, वरून दुसरा. साल कुठं सोललेली नाही.

आबांनी मान वर करून झाडाकडं बघितलं. मीही बघितलं. खोडाला बुटकं होती, अंगठ्याएवढी, आणि प्रत्येकावर ओल्या शेणमातीचा लेप होता. बोटांचे वळ दिसत होते त्यावर. हा घाव घालणारी या माळावर दोनच माणसं उरली होती. त्यातला एक माझ्या शेजारी उभा होता.

तेवढ्यात मांडववाले इलाहीचाचा दोऱ्या गुंडाळत आमच्याजवळ आले. म्हसवडचे, जुन्या ओळखीचे. आबांना बघून त्यांना खरंच आनंद झाला. "मायाप्पा! आलासा व्हय? लय बरं केलंसा," ते म्हणाले. "तुमचा भाऊ म्हंजे माणूस हाय बघा. साहेब म्हणले, स्टेज झाडाखालीच पायजे, पडदा झाकतोय, फांद्या उतरवा. माझी पोरं कोयता घिऊन चढली तर अर्जुनाआप्पा म्होरं झाले. हातातनं काढून घेतला. म्हणले, तुमी साल सोलशिला, झाड मरंल, मी तोडतो. काल सांजपातूर एकट्यानं उतरवलं समदं. परत्येक घावाला शेण लावलं. असं झाडावर प्रेम करणारं माणूस..." चाचांनी आबांचा चेहरा बघितला आणि ते वाक्य तिथंच राहिलं. त्यांना आमची हकीकत माहीत नव्हती. त्यांचा काही दोष नाही.

नाना स्टेजच्या मागून आले. नवा सदरा, डोक्याला कुणीतरी बांधलेला भगवा फेटा. हात मात्र कोपरापर्यंत चिकानं काळे पडलेले. आबा दिसले तसे ते धावतच आले आणि ढिगाशी येऊन थांबले. आबांच्या हातात फांदी होती.

"दादा," नाना म्हणाले. "आलास."

"नाना, हे तुमी तोडलं?" मी एवढ्या मोठ्यानं विचारलं की होमगार्डनं मागं वळून बघितलं.

"पोरं झाड सोलत हुती समे. मला बघवलं न्हाई."

"आन कुऱ्हाडबंदी?"

नानांनी फाटकाकडं बघितलं. पाटीवर आता पाहुण्यांच्या स्वागताचा बॅनर बांधलेला होता. ते आबांच्या जवळ आले. आबांचा फांदी धरलेला हात त्यांनी दोन्ही हातांत धरला. "दादा, साहेबानं सांगितलं रं. एवढा मोठा साहेब. समद्या लोकांत. म्या त्याला न्हाई कसं म्हणू?"

आबांचा आवाज चढला नाही. ते अगदी साधेपणानं बोलले, जसं एखादी विसरलेली गोष्ट आठवण करून द्यावी.

"मला म्हणला हुतास की."

नानांचा फेटा कानावर आला होता, तो सावरायचंही सुचलं नाही त्यांना. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला, बाजूला व्हा म्हणून. आम्ही बाजूला झालो. माणसांनी पाला भरायला सुरुवात केली. मोठाल्या फांद्या ट्रॉलीत पडत होत्या, आणि आबा प्रत्येक फांदीकडं बघत होते. ते काय मोजत होते ते मला माहीत होतं, आणि नानांनाही माहीत होतं.

"तवाची गोष्ट येगळी हुती दादा," नाना म्हणाले. "तवा दुष्काळ हुता. झाड जगलं नसतं."

"व्हय."

"माझं कायम व्हायचं हुतं."

"व्हय. झालास की."

"मला रागं भर. शिव्या दे. पर असं बोलू नगंस." नाना रडायला लागले. मोठा माणूस, फेटा बांधलेला, भर माळावर. मला त्यांची दया आली आणि त्याच वेळी त्यांच्या त्या काळ्या हातांचा संतापही आला. आबांनी त्यांच्या हातातून आपला हात सोडवला नाही. तेवढी आशा मला पुरली. भावाभावांचं असतं. रडतील, भांडतील, काकीनं रांधलेलं आहे, घरी जाऊन एका ताटात जेवतील. असं मी मनाशी म्हणत होते.

माइकवर शिट्टी वाजली आणि मग बाईंचा आवाज आला. पाहुणे आले होते. दोन शब्द झाले, हार झाले, पडद्यावर रोपांची चित्रं झाली. आम्ही तिघं तिथंच, ट्रॉलीच्या मागं. मग बाई म्हणाल्या, "ज्यांनी हा स्मृतिवृक्ष पोटच्या पोराप्रमाणं जपला, त्याच्या पानालाही कुणाला हात लावू दिला नाही, असे आपले ज्येष्ठ वनमजूर श्री. अर्जुना गोरड यांना मी मंचावर आमंत्रित करते."

टाळ्या पडल्या. नाना हलले नाहीत.

"दादा, तू चल माझ्यासंगं," ते म्हणाले. "तू आला न्हाईस तर शाल घेणार न्हाई म्हणलोय म्या. खरं म्हणलोय. तू सांग. तू म्हणशील तर न्हाई जात."

"मी काय सांगू?" आबा म्हणाले. "तुझा तू बघ."

माइकवर नाव पुन्हा पुकारलं. तरणा साहेब स्टेजच्या कडेला येऊन हात हलवायला लागला. "आप्पा! अहो, किती वेळ? या लवकर!" आधी हसत, मग कपाळाला आठ्या घालून. सगळ्या खुर्च्या मागं वळून आमच्याकडं बघायला लागल्या.

नानांनी साहेबाकडं बघितलं. आबांकडं बघितलं. पुन्हा साहेबाकडं.

मला शाल-बिल काही नको होतं, झाड नको होतं, मेंढरं तर कधीच गेली होती. नाना, एकदा. ह्या एका वेळेला त्याला नाही म्हणा. आबांनी अजून तुमच्या हातातून हात काढून घेतलेला नाही.

साहेबानं तिसऱ्यांदा हाक मारली तेव्हा नानांनी हात सोडला, फेटा सारखा केला, आणि "आलो साहेब" म्हणत ते धावत स्टेजकडं गेले.